गरुड आणि याक

१४ नोव्हेंबर, शनिवार

मी डाव लिहून ठेवणारी बाई. उभा जन्म या डोंगरातल्या काराकोल गावच्या पोरांना बुद्धिबळ शिकवण्यात गेला, हजारो डाव टिपून ठेवले, पण दिवस कधी टिपले नाहीत. दिवसात टिपण्यासारखं असतं काय? आज लिहायला बसलेय, कारण आज शनिवार असून डाव झाला नाही.

दर शनिवारी माझ्याशी खेळायला येणारा एसेनकुल नेहमीच्या वेळी आला. बूट झटकले, टोपी काढली, आणि काखेतली भलीमोठी फळी टेबलावर आडवी टाकली. साखरेचं भांडं पडता पडता वाचलं.

"हे काय? जेवायचं टेबल आणलंस?"

"पट आहे. आठाऐवजी आडवी दहा घरं. बघ तरी."

मग त्यानं कापडी पिशवीतून मोहरे काढले. बर्चचे पांढरे, जर्दाळूच्या लाकडाचे तांबूस. सगळे स्वतः कातलेले. आयुष्यभर डोंगरातले रस्ते मोजणारा माणूस, निवृत्त झाल्यापासून लाकडातच रमलाय. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे, सगळे झकास झाले होते. पण दोन मोहरे मी कधी पाहिले नव्हते. एकाला वाकडी चोच, दुसऱ्याला शिंगं.

"हा गरुड. उंटासारखा तिरका जातो, आणि घोड्यासारखी उडीही मारतो. हा याक. हत्तीसारखा सरळ, शिवाय घोड्याची उडी."

"आणि वजिरानं काय करायचं? घरी बसून सूप ढवळायचं?"

"वजिराला दोन भाऊ मिळाले, बिचारा एकटा होता."

मी म्हटलं, एसेनकुल, खेळ म्हणजे काय पुलाव आहे, की हाताला लागेल ते टाकलं आणि झाला चविष्ट? तो म्हणाला, तुझा हा लाडका वजीर पूर्वी एकच घर तिरका चालायचा. त्याला मोकळं सोडलं तेव्हाही कुठल्यातरी म्हातारीनं असंच नाक मुरडलं असेल. मी म्हटलं, तैमूरच्या दरबारात जिराफ आणि किल्ले फोडायची यंत्रं घेऊन खेळायचे, तुझ्या पटाहून मोठ्या पटावर. कुठे आहे तो खेळ आज? मेला. जगला तो हाच, चौसष्ट घरांचा.

तो म्हणाला, "कालिपा, तुझ्या सुरुवातीच्या खेळ्या मला पाठ, माझ्या तुला. या पटावर कुणालाच काही पाठ नाही. दोघंही कोरे. मला तेच हवंय."

"मला नकोय," मी म्हटलं. "शिकलेलं विसरायला मी शिकले नाही."

त्यानं मोहरे एकेक करून पिशवीत भरले. चहा अर्धाच प्यायला.

१६ नोव्हेंबर

काल मुलाचा नोवोसिबिर्स्कहून फोन. तिकडे बर्फ पडतंय, इकडेही पडतंय, एवढं बोलून झालं.

दोन दिवस डोक्यात तो पटच आहे. मुद्दे जुळवून ठेवलेत, शनिवारी तोंडावर फेकायला. एक, उंट आणि घोडा यांची ताकद जवळपास सारखी, पण चाल अगदी निराळी. कधी हा वरचढ, कधी तो. अर्धा खेळ त्या तराजूवर उभा आहे. त्यात दोन दांडगे आणून बसवले की उंट-घोड्याला विचारतो कोण? दुसरं म्हणजे प्यादी. इतक्या तलवारींच्या गर्दीत प्यादं म्हणजे पायपुसणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवट. पट रिकामा होतो, राजा स्वतः उठून चालू लागतो, एकेका घरासाठी झगडतो. तो माझा सगळ्यात आवडता भाग. याच्या खेळात राजाला उठायची संधीच नाही. मधल्या वाटेतच फाडून टाकतील.

इतकं सगळं कुणाला सांगणार? मांजराला सांगितलं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज भांडण झालं. नीट लिहिते.

मी ठरवलं होतं, एक डाव खेळून दाखवायचा आणि मग मुद्दे मांडायचे. मांडामांड करताना माझ्या हातून घोडा निसटला. उचलला तर बुडाशी काहीतरी डागलेलं, तापल्या तारेनं. छोटीशी जाळी आणि तिच्यात घोड्याची अडीच घरांची उडी दाखवलेली. मी उंट उलटा केला. त्याच्याखाली तिरकी रेघ. हत्तीखाली सरळ. अहो, प्याद्यांखालीसुद्धा!

गरुड-याकाखाली खुणा असत्या तर मी समजू शकले असते. पण घोडा? मला? या गावातल्या निम्म्या लोकांना घोडा कसा चालतो ते मी शिकवलंय!

"हे कुणासाठी?"

तो उलटे मोहरे सरळ करू लागला.

"माझ्यासाठी का? म्हातारी झाली, हिला आता मुळाक्षरं गिरवायला देऊ?"

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला.

"मग इथे दुसरं कोण बसलंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. आणि म्हणतो, "तुर्दुबेक कुठाय? त्याची करवत द्यायची राहिलीय माझ्याकडून."

तुर्दुबेक माझा नवरा. त्याला मातीत ठेवताना हाच एसेनकुल खांदा द्यायला पुढे होता. विषय बदलायला म्हणून माणूस किती खाली उतरतो! त्याच्या चेष्टा पूर्वी अशा बोचऱ्या नसायच्या. मी दार उघडलं. तो पट घेऊन निघून गेला. बर्फात पाय जपून टाकत होता. मी दार लावून घेतलं.

२८ नोव्हेंबर, शनिवार

चहाबरोबर खायला बोर्सोक, कणकेच्या छोट्या पुऱ्या, तळले. उगाच जास्त तळले. तो आला नाही.

५ डिसेंबर

आला नाही. मीही गेले नाही. दोन गल्ल्या ओलांडायच्या, त्याला काय होतंय?

१९ डिसेंबर

बाजारात एसेनकुल दिसला. मांसाच्या आणि लोकरीच्या गल्ल्या मिळतात त्या कोपऱ्यावर नुसता उभा होता, हातात रिकामी पिशवी. मी समोरून गेले. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस दुकानाच्या पाटीकडे पाहतो. ओळख नाही, देख नाही. एवढा ताठा! मीही मान वळवली. थोड्या वेळानं त्याची सून जिबेक धावत आली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेली. माझ्याकडे वळून काही बोलणार होती वाटतं, पण मी तोवर पुढे निघाले होते.

आश्ल्यान-फू खाल्लं, त्या थंड आंबट रश्शातल्या शेवया, उभ्याउभ्या. त्या दुकानात आम्ही नेहमी दोन वाट्या घ्यायचो, आणि तो तिखट माझ्या वाटीत ओतायचा. आज बाईनं विचारलं, "दोन ना?" मी म्हटलं, एकच.

९ जानेवारी

सामन्यांची जुळवाजुळव करणारा वालेरा येऊन गेला. नवरोजच्या आदल्या दिवशी बालिकची गावच्या म्हाताऱ्यांशी आपल्या म्हाताऱ्यांचा सामना, दरसालप्रमाणे. मी कर्णधार. पहिल्या पटावर मी, दुसऱ्यावर कोण?

"एसेनकुलशिवाय कोण आहे?" वालेरा म्हणाला. "की तुमचं अजून चाललंय? अख्ख्या गावाला माहीत आहे हं, एजे. दोन मोहऱ्यांवरून घटस्फोट."

"मोठी बहीण म्हणून एजे म्हणतोस, तर जीभ आवर," मी म्हटलं. पण नाव घातलं. वालेरा त्याच्याकडे जाऊन आला. म्हणे, आधी नाही म्हणाला, मग 'कालिपानं बोलावलंय का?' असं विचारलं, मग हो म्हणाला.

म्हणजे नरमलाय.

३० जानेवारी, शनिवार

सध्या फोनवर यंत्राशी खेळते. ते दर वेळी जिंकतं. त्याला चहा लागत नाही, ते खोकत नाही, खेळी करताना गुणगुणत नाही. एसेनकुल गुणगुणतो. मला त्याचा किती राग यायचा! आज मी रेडिओ लावून खेळले. पण रेडिओला कुठे कळतं, कुठल्या खेळीला गप्प बसायचं.

एक कबूल करते. यंत्रासमोर सुरुवातीच्या खेळ्या खेळताना मला वाटलं, हे मी खेळतच नाहीये. माझी बोटं पाढे म्हणतायत. एसेनकुल म्हणाला होता ते एवढ्यापुरतं खरं आहे. पण म्हणून मोहरे वाढवायचे? जेवण बेचव झालं तर माणूस भूक लागेपर्यंत चालून येतो, ताटातले पदार्थ वाढवत नाही.

२० मार्च, रविवार

सामना हरलो. तेही सोसलं असतं.

एसेनकुल इस्त्रीचा सदरा घालून, पदक लावून आला होता. मला बघून हसला, जणू मधे हिवाळा गेलाच नाही. मला बरं वाटलं. मग डाव सुरू झाले. मी माझ्या पटावर गुंतले होते, तेवढ्यात शेजारी हशा पिकला. पाहिलं तर एसेनकुलनं आपला उंट उचलून घोड्यासारखी उडी मारली होती आणि समोरच्याचा वजीर हातात घेऊन बसला होता. शांतपणे. चांगली खेळी केल्यावर बसतो तसा.

बालिकचीचा माणूस म्हणाला, "आजोबा, तुमच्या उंटाला पंख फुटले काय?" सगळे खो खो हसले. पंचानं वजीर परत ठेवायला लावला. पुढे दोन-चार खेळ्यांत तेच पुन्हा. पंचानं डाव समोरच्याला दिला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "बघितलंस? त्या गरुडानं तुझा हात बिघडवला! सगळ्यांसमोर आपलं हसं करून घेतलंस. मी सांगत नव्हते?"

तो पायऱ्यांवर उभा होता, टोपी हातात. "इथे गरुड नव्हता का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नव्हता, कधीच नसतो. आणि निघून आले. अजूनही चीड गेलेली नाही.

२२ मार्च

जिबेक आली होती. वाडग्यात सुमोलोक, गव्हाच्या मोडांची गोड खीर, घेऊन. सणाचं वाण घेऊन आलेल्या बाईला उभं ठेवता येत नाही, बस म्हटलं. बसली आणि रडायलाच लागली.

"एजे, बाबांना रागावू नका. ते विसरतात. गेल्या उन्हाळ्यापासून. डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढत जाणार."

मी म्हटलं, काय विसरतात?

"सगळंच. रस्ता, वार, माणसं. एखादा दिवस चांगला जातो, मग पुन्हा. एकदा सकाळी पट मांडून बसले आणि त्यांना घोडा कुठे ठेवायचा ते आठवेना. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कातायला बसले. म्हणाले, असा खेळ करतो, ज्यात आठवायला काही नसेल."

मी सुमोलोककडे बघत बसले. चिकट, तपकिरी. त्याच्यावर साय धरली होती.

"मला कुणी का सांगितलं नाही, पोरी?"

"मी म्हटलं होतं, कालिपा एजेंना सांगूया. तर केवढे ओरडले! म्हणाले, तिला कळलं तर ती मला जिंकू देईल."

ती गेल्यावर मी उठून शेगडीत कोळसा घातला. मग पुन्हा घातला. घर तापून गेलं, खिडकी उघडावी लागली.

ते डागलेले घोडे. "इथे दुसरं कोण बसलंय?" असं विचारलं होतं मी.

२६ मार्च, शनिवार

गेले त्याच्याकडे. दारात म्हटलं, "आण तुझं ते जेवायचं टेबल." तो इतक्या घाईनं उठला की पायातली चप्पल निसटली.

मला काही माहीत आहे असं दाखवलं नाही. जिबेक चहा ठेवून आत गेली. एसेनकुलनं प्रत्येक खेळीआधी मोहरा थोडा तिरका करून बुडाशी पाहिलं, चोरून, मी बघत नाही असं बघून. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी माझा याक सरळ उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेऊन निरखला.

"विसरलीस?" तो म्हणाला.

"मग? कालचा प्राणी आहे हा. लक्षात राहायला वेळ लागेल."

त्यानंतर तोही उघड उघड बघायला लागला. आणि गुणगुणायला लागला.

मी जिंकले. जिंकणं सोपं नव्हतं. म्हणजे डाव सोपा होता, त्यानं हत्ती फुकट ठेवला होता. तो घ्यायला हात पुढे होईना. सुनेनं सांगितलेलं वाक्य आठवलं आणि घेतला.

"निर्दय बाई आहेस," तो म्हणाला. खुशीत होता.

९ एप्रिल, शनिवार

तीन शनिवार खेळून माझं मत सांगते, आणि ते मी भिडेखातर बदलणार नाही. हा खेळ चौसष्ट घरांहून चांगला नाही. गोंगाट फार. राजाला वारा लागू देत नाहीत. जे मी तेव्हा म्हटलं होतं ते सगळं खरं निघालं. शेवट म्हणून काही उरतच नाही, पट भरलेला असतानाच मुंडकी उडतात.

पण मी रविवारपासून शनिवारची वाट बघते, हेही लिहायला हवं. गुरुवारी अंथरुणात पडल्या पडल्या गरुडाच्या वाटा मोजत होते. असं शेवटचं कधी केलं होतं? शाळेत असताना, बहुतेक. पहिल्या खेळीपासून विचार करावा लागतो. कुणाचीही पाऊलवाट नाही. दोघं रानात शिरल्यासारखे.

हे त्याला सांगितलं नाही. डोक्यावर बसेल.

१६ एप्रिल, शनिवार

आज दिवस बरा नव्हता. मधेच मला म्हणाला, गरुड मागे जात नाही. गेल्या आठवड्यात जात होता. मी तोंड उघडलं, सवयीनं. मी अशी बाई आहे की पोरांनी मोहऱ्याला हात लावून सोडला तर चालवायला लावते. नियमाला नियम. मी म्हटलं, "दोघांचाही जात नाही ना?" तो म्हणाला, अर्थात दोघांचाही. मग ठीक आहे. खेळलो तसेच.

जिबेकनं फाटकापाशी सांगितलं. घर विकलं. तिचा नवरा मेदेर येणार आहे, महिनाअखेर सगळे बिश्केकला. तिथे मोठा दवाखाना आहे, तोही तिथेच कामाला, इथे एकटी ती किती धावणार. तिचं काही चुकत नाही. मी म्हटलं, बरं झालं, तिकडे थंडी कमी.

घरी येताना उगाच लांबच्या वाटेनं आले. कालव्याच्या कडेनं जर्दाळू फुललेत.

२३ एप्रिल, शनिवार

आज शेवटचा डाव. घर उपसलेलं, गालिचे गुंडाळून भिंतीला लावलेले, चहा खोक्यावर. जिबेक भांडी कागदात बांधत होती. पट तेवढा मधोमध मांडून ठेवला होता, तिनेच.

एसेनकुल उजळ दिसत होता. म्हणाला, "ये, मास्तरीणबाई. आज गरुड सगळीकडे जातो." म्हटलं, बरं.

मी मन लावून खेळले. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी एकही खेळी हलकी केली नाही. त्याचा याक अडकवला, दोन प्याद्यांनी पुढे होते, वजीर त्याच्या राजाच्या दारात उभा केला होता. मनात म्हटलं, आता दोन-तीन खेळ्या. एसेनकुल गुणगुणत होता. मग गुणगुणणं थांबलं. तो पटावर इतका वाकला की श्वासानं प्यादी हलतील असं वाटलं.

आणि त्यानं माझ्या राजाला कोपऱ्यातल्या घरातून वजिरानं शह दिला. आधार नाही, काही नाही. मला वाटलं, गेला. पुन्हा गेला बिचारा. हात जड झाला, पण घेतला वजीर. दुसरी खेळीच नव्हती. माझा राजा कोपऱ्यात.

मग त्यानं गरुड आणला. कोपऱ्यापासून तिरका, मधे एक घर सोडून ठेवला. शह.

मी बाजूचं घर पाहिलं. तिथे त्याची घोड्याची उडी पोचत होती. पुढचं घर, तिथेही. तिरकं घर तर त्याच्याच वाटेवर. मधे घालायला मोहरा नाही, गरुडाला मारायला कुणी जवळ नाही. एकट्या गरुडानं, कुणाच्याही मदतीशिवाय, राजाला मात दिली होती. चौसष्ट घरांच्या खेळात एकट्या मोहऱ्याला मोकळ्या पटावर हे जमत नाही, वजिरालाही नाही. मी इतके दिवस त्या गरुडाविरुद्ध मुद्दे जमवत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. त्याला दिसलं.

"मात?" त्यानं विचारलं. खरंच विचारत होता.

मी पुन्हा सगळी घरं तपासली. "मात," मी म्हटलं.

तो हसला नाही. डोळे मिटून बसला, उन्हात बसतात तसा. मी माझा राजा आडवा केला, उठून जिबेकला गालिचा बांधायला मदत केली. बऱ्याच वेळानं परत आले तर तो खिडकीशी खुर्चीत होता. थकला होता. माझ्याकडे वळून पाहिलं आणि अदबीनं जरा सरसावून बसला.

"या, एजे. तुम्ही कधी आलात?"

मला तो जन्मात कधी तुम्ही म्हणाला नव्हता.

"मघाशीच," मी म्हटलं.

"चहा दिला का कुणी?"

"दिला."

"मी आज जिंकलो," तो म्हणाला. पटाकडे बोट केलं. "कालिपाला हरवलं. तुम्ही ओळखता तिला?"

"थोडीफार."

"तुम्हाला खेळता येतं?"

"येतं, पण साधंच."

त्यानं आत जिबेककडे पाहिलं, मग माझ्याकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मग तिच्या नादी लागू नका. रडवते."

मी म्हटलं, बरं.